नाताळचा आकडा

आकडा म्हटला की आपल्याकडे भुवया उंचावतात! पण मी ज्या आकड्याच्या नादी लागलो तो मटक्याचा नव्हे. नाताळच्या दिवशी विलायतेत टेलिव्हिजनवरचा कोणता कार्यक्रम किती लोक पाहतील, एवढेच आधी सांगायचे. हे व्यसन मला लावले आमच्या घरमालकीणबाईंनी.

१९८६ साली नोकरीच्या निमित्ताने मी लंडनमध्ये एक खोली घेऊन राहत होतो. नाताळच्या दिवशी तिथे बसगाड्या बंद, भुयारी रेल्वेही बंद. मग जाणार कुठे? बाईंनी मला खाली जेवायला बोलावले. त्या विधवा, मुले परदेशी. टेबलावर दोन साप्ताहिके होती. बीबीसीचे कार्यक्रम फक्त 'रेडिओ टाइम्स'मध्ये यायचे आणि आयटीव्हीचे फक्त 'टीव्ही टाइम्स'मध्ये. हे सोवळे १९९१ पर्यंत पाळले गेले. बाईंनी दोन्हींत लाल पेन्सिलीने खुणा केल्या होत्या आणि प्रत्येक खुणेपुढे एक आकडा टाकला होता.

"हे कशावरून ठरवता?" मी विचारले.

"भांड्यांवरून!" बाई म्हणाल्या.

मला ती थट्टा वाटली. पण मोजणी कशी होते ते कळल्यावर पटले. तिथे 'बार्ब' नावाची संस्था हे काम १९८१ पासून करते. काही हजार निवडक घरांत यंत्र बसवलेले असते. जो माणूस टेलिव्हिजनसमोर येईल त्याने आपल्या नावाचे बटण दाबायचे, उठून गेला की पुन्हा दाबायचे. पाहुण्यांसाठीही बटणे असतात. त्या घरांवरून कोट्यवधी घरांचा हिशेब मांडला जातो. म्हणजे जिचे हात साबणात बुडालेले आहेत ती हिशेबात नाही! दुपारी तीनला तेव्हा राणीचे भाषण असे, मागेपुढे जेवण, मग डुलकी, चहा, आवराआवर. घरातली शेवटची बाई हात पुसून खुर्चीवर टेकते तेव्हा जो कार्यक्रम लागेल त्याची चांदी. कार्यक्रम चांगला की वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा.

आयटीव्हीचे गणित आणखी निराळे. ती जाहिरातींवर जगणारी. पण नाताळच्या रात्री दुकाने बंद, सगळ्यांची खरेदी आटोपलेली. जाहिरातदार पैसे कशाला ओतील? म्हणून हुकमाचे पान त्या रात्री टाकावे की राखून ठेवावे, असा तिला पेच. सव्वीस तारखेपासून सोफ्यांच्या सेलच्या जाहिराती सुरू होतात, त्या उगीच नव्हेत.

त्या दिवशी बीबीसीने 'ईस्टएंडर्स' मालिकेचे दोन भाग ठेवले होते, एक संध्याकाळी आणि एक रात्री दहाला. बाईंनी दहाच्या भागापुढे लिहिले होते, ३ कोटी. मी हसलो. साऱ्या देशाची वस्ती साडेपाच कोटींच्या आसपास! मी एका आठवड्याच्या भांड्यांची पैज लावली. दहा वाजता गुत्त्याचा मालक डेन याने बायको अँजीच्या हाती नाताळची भेट म्हणून घटस्फोटाचे कागद ठेवले, तेव्हा बाईंच्या हातातला चहा निवून गेला होता.

आकडा जाहीर झाला : ३ कोटी दीड लाख. मी आठवडाभर भांडी घासली.

कित्येक वर्षांनी कळले, की त्या आकड्यात रविवारी पुन्हा दाखवलेल्या भागाचे प्रेक्षकही मिळवले होते. म्हणजे पैज मीच जिंकलो होतो की काय? भांडायला तोवर बाई राहिल्या नव्हत्या.

२०२४ च्या नाताळात मी लंडनला लेकीकडे होतो. रात्री नऊला 'गॅव्हिन अँड स्टेसी'चा अखेरचा भाग होता. मी बाईंच्या पद्धतीने भांडी, डुलकी सगळे धरून सांगितले, सव्वा कोटी. चौदा वर्षांची नात म्हणाली, दोन कोटी. पैज तीच, भांड्यांची. दुसऱ्या दिवशी आकडा आला : १ कोटी २३ लाख! मी घरभर मिरवलो.

"आजोबा, थांबा जरा," नात म्हणाली. "माझ्या निम्म्या मैत्रिणी तेव्हा त्यांच्या आजीकडे होत्या. त्या नंतर बघणार."

आठवडाभरात मागाहून पाहणारे धरून आकडा १ कोटी ९० लाखांच्या पुढे गेला. रविवारचे प्रेक्षक मिळवायचे नाहीत, असा मुद्दा मी काढून पाहिला. चालला नाही.

घरात डिशवॉशर आहे. पण त्याला हात लावायचा नाही, अशी नातीने अट घातली होती.