कस्टम पिस्तूल घेताय? आतली झीज आधी तपासा

अमेरिकेत '१९११' हे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल कस्टम बनवून घेण्याची अनेकांना हौस असते. जॉन ब्राउनिंग यांचं हे डिझाइन तिथल्या सैन्याने १९११ साली स्वीकारलं, म्हणून हे नाव. कस्टम म्हणजे काय, तर गनस्मिथ स्लाइड, फ्रेम आणि बॅरल हाताने घासून एकमेकांत चपखल बसवतो. त्यामुळे नेम सुधारतो आणि किंमतही वाढते.

मग वापरलेलं पिस्तूल घेताना काय बघायचं? आधी ते रिकामं असल्याची खात्री करा. वरचा रंग उडाला असेल तर घाबरू नका, होल्स्टरमध्ये घासून तो जातोच. स्लाइड बंद ठेवून बॅरलचा मागचा भाग वरून दाबा. तो हलता कामा नये. बॅरलवरच्या लगच्या कडा गोल झाल्या असतील, तर फिटिंग बिघडलंय असं समजा. रिकॉइल स्प्रिंग थकली असेल तर ती बदलता येते, खर्चही फार नाही.

खरा धोका ट्रिगरमध्ये असतो. हलका ट्रिगर सगळ्यांना आवडतो, पण हॅमरला अडवून धरणारा सिअर झिजला असेल, तर स्लाइड पुढे येताच हॅमर आपोआप पडू शकतो. म्हणून गनस्मिथला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.