छातींतील छाया : गांठ कीं ग्रंथि ?

छातीच्या मधल्या हाडामागें, हृदयाच्या किंचित् वर, थायमस नांवाची एक मऊ ग्रंथि असते. बाळपणीं ती चांगली भरलेली असते. वयांत आल्यावर झिजूं लागते व तिची जागा हळूहळू चरबी घेते. म्हणूनच मराठी परिभाषेंत तिला ‘यौवनलोपी ग्रंथि’ असें अन्वर्थक नांव मिळालें आहे. रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकीं एका महत्त्वाच्या वर्गाची जडणघडण येथें होते, ही गोष्ट मात्र १९६१ सालीं जॅक मिलर यांच्या प्रयोगांमुळें उजेडांत आली.

तत्पूर्वीं या ग्रंथीविषयींच्या अज्ञानाची किंमत बालकांना द्यावी लागली. शवविच्छेदनासाठीं येणारे देह बहुधा दीर्घ आजारानें खंगलेल्या गरिबांचे असत आणि आजारांत ही ग्रंथि आक्रसते. त्यामुळें आक्रसलेली ग्रंथिच स्वाभाविक समजली गेली व निरोगी बालकाची भरलेली ग्रंथि रोगट ठरली. १९०७ पासून पुढें अमेरिकेंत अशा कित्येक अर्भकांच्या छातीवर क्ष-किरण सोडण्यांत आले. त्यांपैकीं कांहींना पुढें गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाल्याचें १९५० पासून दिसून येऊं लागलें.

आजहि प्रश्न तोच आहे : चित्रांत दिसणारी छाया गांठीची, कीं वाढलेल्या ग्रंथीची ? कर्करोगावरील औषधें चालू असतांना थायमस आक्रसते आणि उपचार संपल्यावर पुन्हा फुगते. रोग उलटला, या भीतीनें घरचीं माणसें हवालदिल होतात. अशा वेळीं शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वीं एम्. आर्. आय्. ही तपासणी उपयोगी पडते. तींत क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक व रेडिओलहरी यांवर तिचें काम चालतें.

तिची युक्ति मोठी मार्मिक आहे. चुंबकाच्या प्रभावाखालीं पाण्यांतील व चरबींतील हायड्रोजनचीं अणुकेंद्रें किंचित् भिन्न गतीनें डोलतात. शेजारचे दोन झोपाळे जसे कधीं बरोबर, तर कधीं उलट दिशांना जातात, तसाच हा प्रकार. १.५ टेस्ला शक्तीच्या यंत्रांत सुमारें २.२ सहस्रांश सेकंदांनीं दोहोंचे संदेश प्रथम परस्परविरुद्ध होतात. त्या क्षणीं टिपलेल्या चित्रांत, जेथें पाणी व चरबी एकत्र मिसळलेलीं असतात तेथें ते एकमेकांस मारतात आणि तो भाग काळवंडतो. वाढलेल्या पण निरुपद्रवी ग्रंथींत चरबी मिसळलेली असल्यानें ती काळवंडते. थायमसची गांठ, म्हणजे थायमोमा, किंवा लिंफोमा हा कर्करोग सहसा काळवंडत नाहीं. सी. टी. चित्रांत कधीं कधीं भरीव भासणारी द्रवाची पिशवीहि येथें ओळखूं येते.

परंतु हा निकष एकेरी आहे. लहान मुलांच्या व कांहीं तरुणांच्या ग्रंथींत अद्याप पुरेशी चरबी शिरलेली नसते; त्यामुळें त्यांची निरोगी ग्रंथिहि काळवंडत नाहीं. काळवंडणें हें दिलाशाचें चिन्ह होय. न काळवंडणें हा मात्र गांठीचा पुरावा नव्हे. तेथें वय, लक्षणें, ग्रंथीचा आकार आणि कांहीं महिन्यांनंतर काढलेलें दुसरें चित्र यांचा मेळ घालूनच तज्ज्ञ निर्णय करतात. अशा विचारपूर्वक थांबण्यानें कित्येक रुग्णांची छाती उगीच उघडण्याचा प्रसंग टळतो.