गोपकाव्यातला गुलाम

गोपकाव्य म्हटले की झाडाची सावली, पावा आणि निवांत मेंढपाळ, हे चित्र अभ्यासक्रमांनी आपल्या डोक्यात पक्के केले आहे. मीही वर्गात बरीच वर्षे तेच सांगत आलो. लॅटिन मला येत नाही. व्हर्जिल मी इंग्रजी भाषांतरांतूनच वाचला. पण भाषांतरातही या काव्यातली जमीन आणि गुलामगिरी लपत नाही.

इ. स. पूर्व ४२ मध्ये फिलिप्पीची लढाई झाली. जिंकलेल्या सैनिकांना जमिनी द्यायच्या होत्या. ऑक्टेव्हियनने त्या इटलीतल्याच लोकांकडून काढून घेतल्या. क्रेमोनाची जमीन पुरली नाही, तेव्हा शेजारच्या मान्तुआचीही गेली. व्हर्जिल याच मान्तुआ परिसरातला. सिसिलीच्या थिओक्रिटसकडून त्याने गोपगीताचा साचा घेतला, परंतु त्याच्या दहा गीतांतले पहिलेच आहे ते या विस्थापनाचे.

त्यात दोघे बोलतात. मेलिबियसची जमीन गेली आहे. तो शेळ्या हाकत देशोधडीला निघाला आहे. वाटेत एक शेळी उघड्या खडकावर व्याली, जुळी करडे तिथेच सोडावी लागली. तितिरस मात्र सावलीत पावा वाजवतो आहे. हा तितिरस कोण? कालपर्यंतचा गुलाम! चीज करून शहरात विकायचा आणि रिकाम्या हाताने परतायचा. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा दाढी पांढरी झाली होती. रोममधल्या एका तरुणाच्या कृपेने त्याचे शेत वाचले, म्हणून तो त्या तरुणाला देव मानतो. हा तरुण म्हणजे ऑक्टेव्हियनच, असे बहुतेक अभ्यासक समजतात. म्हणजे ज्याने जमिनी काढल्या तोच देव.

मला टोचते ते इथेच. गुलामीत ठेवणाऱ्यावर तितिरस रागाचा एक शब्दही काढत नाही. इ. स. पूर्व ३७ च्या सुमारास व्हॅरोने शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात गाडी हे मुके साधन, बैल अर्धवट बोलणारे आणि गुलाम बोलणारे साधन, अशी वर्गवारी आहे. गुरांमागे कसले गुलाम ठेवावेत हेही तो सांगतो. काव्यात पावा वाजवणारा तो शेतीच्या ग्रंथात अवजार! हे दोन ग्रंथ वर्गात शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

व्हर्जिलला मी ढोंगी म्हणणार नाही. आपण नांगरलेले शेत कुणा सैनिकाच्या घशात जाणार, हा मेलिबियसचा संताप त्याने दडवलेला नाही. शेवटी तितिरस त्याला रात्रीपुरते थांबायला सांगतो. पिकलेली फळे आहेत, चीज आहे. दूर छपरांतून धूर निघतो आहे, डोंगरांच्या सावल्या लांबत आहेत. मेलिबियस थांबला की नाही, हे व्हर्जिल सांगत नाही.