भाव चढला, म्हणून गाडी वाचली

अमेरिकेत 1988 साली झालेल्या एका कायद्यानं तिथल्या सुरक्षा-नियमांनुसार न बनवलेली परदेशी गाडी खासगीरीत्या देशात आणणं जवळजवळ अशक्य करून टाकलं. एक वाट तेवढी मोकळी राहिली: गाडी बनून 25 वर्षं झाली की ते नियम तिला लागू होत नाहीत. निसानच्या ‘स्कायलाइन जीटी-आर’ या दोन दारांच्या गाडीची 1989 पासूनची आर32 ही पिढी 2014 मध्ये या मर्यादेपलीकडे गेली, तर 1999 पासूनची आर34 जानेवारी 2024 मध्ये. तिकडे जपानमध्ये 13 वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीचा वार्षिक कर सुमारे 15 टक्क्यांनी वाढतो आणि ठरावीक काळानं होणारी सक्तीची तपासणीही खर्चिक असते. त्यामुळे जुनी गाडी घरी ठेवण्यापेक्षा विकून टाकण्याकडे लोकांचा कल असे. एका देशात नकोशी झालेली गाडी दुसऱ्या देशात 25 वर्षं पुरी होण्याची वाट पाहत होती, आणि 2014 ते 2024 या दहा वर्षांत तिचे भाव चढत गेले. सिनेमात झळकलेल्या गाड्यांची गोष्ट तर वेगळीच. 2001 च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’मधली नारिंगी टोयोटा सुप्रा 2021 मध्ये 5 लाख 50 हजार डॉलरला गेली आणि त्याच मालिकेतल्या 2009 च्या चित्रपटात पॉल वॉकरनं चालवलेली निळी आर34 ही 2023 मध्ये 13 लाख 57 हजार डॉलरला. असे आकडे वाचून श्रीमंतांचं वेड म्हणून कुणी पान उलटतं, तर कुणाला त्यात गुंतवणुकीची नवी वाट दिसते. माझ्या मते दोघांच्याही नजरेतून मुख्य गोष्ट निसटते. या गाड्यांचे चढलेले भाव म्हणजे त्या जिवंत ठेवण्याचा खर्च कुणीतरी उचलायला तयार झाल्याची खूण आहे; भाव चढले नसते तर यांतल्या बहुतेक गाड्या आज भंगारात असत्या.

साधारण 1985 ते 2005 या काळातल्या स्पोर्ट्स कूपे, म्हणजे दोन दारांच्या, उतरत्या छपराच्या वेगवान गाड्यांबद्दल आपण बोलतो आहोत. बाजारात त्यांना ‘मॉडर्न क्लासिक’ म्हणतात. विंटेज म्हणावं एवढ्या त्या जुन्या नाहीत आणि सेकंडहँड म्हणून रोज वापराव्यात एवढ्या नव्याही नाहीत. दुर्मिळ म्हणाव्यात, तर तशाही नाहीत. आर32 पिढीच्या जीटी-आर सुमारे 44 हजार बनल्या आणि 2000 ते 2006 या काळातल्या, ‘ई46’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या बीएमडब्ल्यू एम3 सुमारे 85 हजार. आज दुर्मिळ आहे ती धड अवस्थेतली, छेडछाड न झालेली गाडी. ती दुर्मिळ का झाली, हे समजून घ्यायला गाडीच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट काळाकडे पाहावं लागतं. हा काळ साधारण दहाव्या ते विसाव्या वर्षाचा.

ई46 एम3 हे त्याचं उत्तम उदाहरण. सहा सिलिंडरचं 3.2 लिटरचं इंजिन, टर्बो नाही, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, 7,900 फेऱ्यांना 343 अश्वशक्ती. अमेरिकेत कोरी गाडी साधारण 46 हजार डॉलरला मिळे. पुढे 2010 नंतरच्या काही वर्षांत, बरीच चाललेली पण ठीकठाक एम3 15 हजारांच्या आसपास येऊन ठेपली. भाव उतरला, पण दुरुस्तीचा खर्च उतरला नाही, कारण सुट्या भागांच्या किमती आणि मिस्त्रीची मजुरी मूळच्या महागड्या गाडीच्या हिशेबानंच राहतात. या गाडीची दुखणी सगळ्यांना ठाऊक आहेत. मागच्या चाकांचा सांगाडा बोल्टांनी गाडीच्या तळाच्या पत्र्याला जोडलेला असतो. प्रत्येक वेळी जोर देऊन गाडी पळवली की तो पत्र्याला ओढतो आणि काही वर्षांत पत्रा वेल्डिंगपाशी फाटू लागतो. दुरुस्ती करायची तर मागचा ॲक्सल, एक्झॉस्ट आणि पेट्रोलची टाकी उतरवून, तळ उघडा करून जाड पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजतात आणि वेळेवर बदलली नाहीत तर इंजिनच जातं. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी ‘व्हॅनॉस’ यंत्रणाही ठरावीक ठिकाणी मोडते. ही तिन्ही कामं करायची तर काही हजार डॉलर लागतात. 15 हजारांच्या गाडीवर एवढा खर्च करायला कोण तयार होणार? ती विकली जाते आणि त्याहून कमी ऐपतीच्या, पण तितक्याच हौशी माणसाकडे जाते. तोही दुरुस्ती पुढे ढकलतो आणि तीन-चार मालकांनंतर गाडी दुरुस्तीच्या पलीकडे पोचते.

पोर्शच्या 911 ची 996 ही पिढी याच वाटेनं गेली. 1990 च्या दशकाच्या शेवटी आलेली ही पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाची पहिली 911. हवेनं थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाच्या भक्तांनी तिला कधीच आपलं मानलं नाही, आणि तिच्या हेडलाइटच्या आकारावरूनही बरंच बोललं गेलं. खरा धाक होता तो इंजिनातल्या एका छोट्या बेअरिंगचा. इंटरमीडिएट शाफ्टवरचं हे बेअरिंग तुटलं तर आख्खं इंजिन निकामी होऊ शकतं, आणि अमेरिकेत त्यावरून सामूहिक दावाही झाला. बहुसंख्य इंजिनांत ते कधी तुटलंच नाही, पण बाजाराला भीती पुरते. 2010 च्या दशकाच्या मध्यावर साधी 996 अमेरिकेत 15 ते 20 हजार डॉलरमध्ये, म्हणजे नव्याकोऱ्या साध्या सेडानपेक्षाही कमी पैशांत मिळे. तेवढ्या किमतीच्या गाडीचं इंजिन गेलं की हिशेब तिथंच संपायचा, कारण नव्या इंजिनाची किंमत गाडीच्या जवळपास पोचत होती.

याच टप्प्यावर गाड्या फोडणारे येतात. आख्ख्या गाडीपेक्षा तिच्या सुट्या भागांना जास्त पैसे मिळू लागले की ती फोडणं फायद्याचं ठरतं. जीटी-आरचं आरबी26 आणि सुप्राचं 2जेझेड ही इंजिनं मूळ ताकदीच्या कितीतरी पट जोर सोसतात, म्हणून दुसऱ्याच गाड्यांत बसवायला त्यांना सतत मागणी असते. इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, सीटा गेल्या, आणि उरलेलं धूड पत्र्याच्या भावानं गेलं. त्या वर्षांत किती गाड्या अशा संपल्या याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पण स्वस्ताईनं या गाड्यांचं किती नुकसान केलं, हे आज मूळ अवस्थेतली गाडी शोधायला निघालेल्या प्रत्येकाला कळतं.

भाव चढला की हाच हिशेब उलटा फिरतो. 40 हजार डॉलरच्या एम3 चा तळ वेल्ड करून घेणं शहाणपणाचं ठरतं, आणि 996 चं ते बेअरिंग क्लच बदलताना आधीच बदलून टाकणं ही सवय होते. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर केवळ एकाच गाडीचं काम करणारी गॅरेजं टिकतात आणि त्यांच्याकडे तरुण मिस्त्री शिकू लागतात. सर्वांत मोठा फरक कारखान्यांच्या वागण्यात पडला. निसाननं डिसेंबर 2017 मध्ये आर32 जीटी-आरचे उत्पादन बंद झालेले भाग पुन्हा बनवून विकायला सुरुवात केली आणि पुढे आर33, आर34 लाही ती सोय मिळाली. टोयोटानं 2019 मध्ये सुप्राच्या दोन जुन्या पिढ्यांसाठी तशीच घोषणा केली. पोर्शचा जुन्या गाड्यांचा विभाग आता काही दुर्मिळ भाग थ्री-डी प्रिंटिंगनं बनवतो. हे प्रेमापोटी झालं असेलही, पण साचे काढून पुन्हा उत्पादन लावायला पैसा लागतो, आणि दहा हजारांच्या गाडीचा मालक एका भागाला हजार डॉलर देत नाही. होंडानं एनएसएक्ससाठी 1993 पासूनच गाडी कारखान्यात आणून नव्यासारखी करून देण्याची योजना ठेवली होती. सगळी बॉडी ॲल्युमिनियमची असलेली ही गाडी मुळातच महाग होती. तिचे मालक तो खर्च करू शकत होते, म्हणून ती योजना चालली.

मग गुंतवणूक म्हणून अशी गाडी घ्यावी का? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे, आणि ते वरच्या युक्तिवादातूनच निघतं. धरून चालू, की कुणी 30 हजार डॉलरला गाडी घेतली आणि दहा वर्षांनी 50 हजारांना विकली. ऐकायला छान वाटतं. पण विमा, बंदिस्त जागेचं भाडं, टायर, ऑइल, वाळलेले रबरी बुश आणि सील, मधूनच निघालेलं एखादं मोठं काम असा वर्षाला सरासरी दोन हजारांचा खर्च धरला, तर वाढीव 20 हजार त्यातच संपतात. त्यात 2020 ते 2022 या काळात घरी बसलेल्या लोकांच्या पैशानं भाव फुगले आणि नंतर बऱ्याच गाड्यांचे भाव खाली आले. वर असताना घेणाऱ्याला हे सोसावंच लागलं. चढत्या भावानं मालकाला एवढंच मिळतं की गाडीवर केलेला खर्च वाया जात नाही. मला ते पुरेसं वाटतं.

याहून गंभीर आक्षेप असा, की भाव चढले की गाड्या तिजोरीत जातात आणि ज्या तरुणांसाठी त्या बनल्या होत्या त्यांच्या हातून निसटतात. यात तथ्य आहे आणि त्याचं दुःखही आहे. अगदी कमी चाललेल्या आर34 आता रस्त्यावर येणारच नाहीत. प्रत्येक किलोमीटरला किंमत घटते म्हटल्यावर मालक ती चालवणार कशाला? उभी राहिलेली गाडीही सुखरूप नसते. पेट्रोल शिळं होतं, सील सुकतात, टायर कडक होतात. पण ही गत वरच्या पातळीवरच्या गाड्यांची. त्यांच्या सावलीत लाख-दीड लाख किलोमीटर चाललेल्या, रंगकाम झालेल्या, तरीही ठणठणीत गाड्यांचा एक मोठा थर असतो. तिथं भाव पुष्कळच कमी असतो आणि गाडी चालवल्यानं फारसा घटत नाही. बीएमडब्ल्यूचा आपोआप क्लच दाबणारा एसएमजी गिअरबॉक्स असलेली एम3 हाताच्या गिअरच्या एम3 पेक्षा बरीच स्वस्त मिळते, आणि काही जण ती घेऊन साधा गिअरबॉक्स बसवून घेतात. जुन्या स्वस्ताईच्या काळात तरुणांना गाडी मिळत होती हे खरं, पण ती राखण्याचे पैसे त्यांच्याकडे नव्हते, म्हणून ती त्यांच्या हातात संपत होती.

हे सगळं बालपणीच्या आठवणींचं खूळ आहे, असंही म्हणतात. 1997 मध्ये आलेल्या ‘ग्रान तुरिस्मो’ या खेळानं जगभरातल्या पोरांना स्कायलाइन आणि सुप्राची ओळख करून दिली. ती पोरं आज चाळिशीत, कमावती आहेत. आठवणींचा वाटा मला मान्य आहे. पण आर32 नं 1990 ते 1993 या काळात जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत 29 पैकी 29 शर्यती जिंकल्या, त्या कुणाच्या आठवणींच्या जोरावर नव्हे. शिवाय ज्या प्रकारच्या या गाड्या, तो प्रकार बनणंच थांबलं आहे. धडकेचे आणि धुराचे नियम कडक झाले, गाड्या जड झाल्या. ई46 एम3 चं वजन साधारण दीड टन, तिच्या आजच्या वारसदार एम4 चं सव्वासतराशे किलोच्या आसपास. तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग जाऊन विजेच्या मोटरचं आलं, टर्बो नसलेली चढ्या फेऱ्यांची इंजिनं गेली. नव्या गाड्या वेगवान आणि कितीतरी सुरक्षित आहेत, आणि रोजच्या वापराला कुणीही त्याच घ्याव्यात. पण रस्त्याचा खडबडीतपणा तळहातांना कळणं ज्याला हवं, त्याला जुन्याच बाजारात जावं लागतं. प्रदूषणाचा मुद्दा मला थोडक्यात सोडवता येतो: या काळातल्या बहुतेक गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे आणि मालक त्या वर्षाला थोड्याच चालवतात. रोज शहरात चालवू लागले तर आक्षेप रास्त ठरेल.

आपल्याकडे ही चर्चा बव्हंशी खिडकीतूनच करावी लागते. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि विंटेज म्हणून सवलत मिळते ती 50 वर्षांनंतर. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, पण रोजच्या वापराची मुभा दिली नाही. 1989 ची पहिली आर32 त्या वयाला 2039 मध्ये पोचेल. आपली स्वतःची दोन दारांची गाडी म्हणावी तर 1990 च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनलेली, रेनॉच्या छोट्या इंजिनाची सॅन स्टॉर्म आठवते. थोड्याच बनल्या, बाजारभाव म्हणावा असा कधी तयारच झाला नाही, आणि तिचे भाग पुन्हा बनवण्यात कुणाचा फायदाही नव्हता. आपल्या इथं 15 वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचं शुल्क 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपयांवर गेलं. जुनी गाडी म्हणजे हटवायची वस्तू, एवढंच धोरण यातून दिसतं. त्यात सांभाळून ठेवलेल्या, क्वचित चालणाऱ्या गाडीसाठी वेगळा विचार नाही. तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं. जर्मनीत 30 वर्षांपुढच्या मूळ अवस्थेतल्या गाडीला वेगळी पाटी आणि वेगळा कर आहेच.

चढत्या भावालाही सोडवता न आलेला एक प्रश्न मात्र उरतो. 1950 च्या गाडीचा मोडलेला भाग चांगला कारागीर लेथवर बनवून देऊ शकतो. 1990 नंतरच्या गाड्यांत इंजिन चालवणारा संगणक असतो, त्यातले कपॅसिटर वयानं गळतात, एबीएसचा भाग बंद पडतो, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक तडकतं. कपॅसिटर बदलता येतात आणि बदलले जातात; पण चिप एकदा गेली आणि ती बनवणारी कंपनी दुसऱ्याच धंद्यात असली, तर दुसऱ्या गाडीतून काढलेला संगणक किंवा नवीन बनावटीचा पर्यायी संगणक हेच दोन मार्ग राहतात. पहिल्यासाठी एखादी गाडी फोडावी लागते आणि दुसऱ्यानं मूळपणा जातो. म्हणून आज अशी गाडी घेणाऱ्यानं रंगाच्या चकाकीआधी दुरुस्तीच्या पावत्या पाहाव्यात, तळ उचलून पत्रा पाहावा, आणि त्या गाडीचे संगणक दुरुस्त करणारा माणूस आपल्या देशात आहे का, याची चौकशी पैसे देण्याआधी करावी.