खिशांतील चाकूची भेट

रानांत, बागेंत अगर डोंगरांत ज्याचा दिवस जातो अशा माणसास मिटणारा चाकू भेट द्यावयाचा झाल्यास पात्यांच्या संख्येस भुलूं नये. दहा पात्यांपैकीं आठ पुढें कधीं उघडलींच जात नाहींत. प्रथम उघडलेलें पातें पक्कें अडकतें कीं नाहीं हें पाहावें. अडकण नसलेला चाकू जोर देतांना अवचित मिटतो व बोटें कापतो.

फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतांत १८९० सालीं निघालेला ओपिनेल चाकू या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. त्याच्या मुठीच्या तोंडाशीं १९५५ सालापासून फिरतें कडें बसवितात; तें फिरविलें कीं पातें मिटत नाहीं. आठ नंबरच्या चाकूचें पातें साडेआठ सेंटिमीटर असतें. किरकोळ कामांस तेवढें पुरे.

पोलाद मात्र घेणाराचा स्वभाव पाहून निवडावें. कार्बनचें पोलाद साध्या दगडावर लवकर धार घेतें. पण कैरी, लिंबू कापल्यास तें काळें पडतें आणि ओलें राहिल्यास गंजतें. पातें पुसून तेलाचा हात देण्याचा ज्यास कंटाळा, त्यास सहसा न गंजणारें पोलादच द्यावें. लांकडी मूठ ओलीनें फुगते व पातें अडकून बसतें, हें कोंकणांतील स्नेह्यासाठीं घेतांना विसरूं नये.

भेट विमानानें न्यावयाची असल्यास ती हातांतील पिशवींत न ठेवतां मोठ्या सामानांत घालावी. नाहीं तर तपासणींतच काढून घेतली जाईल.