ज्वारीत मधेच उंच निघालेलं ताट: भेसळ की बरूचा संकर?



रब्बी ज्वारी निसवायला लागली. वावरात एखादं ताट हातभर उंच आणि कणीस मोकळं, फुलारलेलं दिसतंय का? ती नुसती बियाण्यातली भेसळ नसेल. बांधावरच्या बरूचा आणि ज्वारीचा संकर असू शकतो.

*हे होतं कसं?*
बरू म्हणजे जॉन्सन गवत, ज्वारीच्याच भावकीतलं तण. ते स्वतःच फार पूर्वी ज्वारी आणि तिच्या एका रानटी जातीच्या संकरातून तयार झालं. ज्वारीत गुणसूत्रं 20, बरूत 40. त्यामुळे संकर सहज होत नाही, पण होतो. 30 गुणसूत्रांचं ताट बहुतेक वांझ राहतं. 40 चं दाणा धरतं आणि पसरतं. खरा धोका त्याचा.

*ओळखायचं कसं?*
▪️ फुटवे भरपूर, वाढ जोमदार
▪️ दाणा बारीक, टरफलात. पिकला की झडतो
▪️ खणून बघा: जमिनीत हरळीसारख्या आडव्या कांड्या, बरूपेक्षा आखूड. ज्वारीचा खोडवा धसकटातूनच फुटतो, हा या कांड्यांतूनही फुटतो.

*काय करायचं?*
1. आत्ताच, दाणा भरायच्या आधी, मुळासकट खणून काढा. फुलोऱ्यानंतर कांड्या जोरात वाढतात.
2. तिथं रोटाव्हेटर फिरवू नका. एका कांडीचे दहा तुकडे म्हणजे दहा झाडं.
3. ज्वारीत फवारून फक्त हेच मारता येत नाही, दोघं एकाच घरातले. पुढच्या हंगामात तिथं सोयाबीन घ्या, म्हणजे लेबलवर शिफारस असलेलं गवतवर्गीय तणनाशक वापरता येईल.
4. कोवळे फुटवे जनावरांना चारू नका. कोवळ्या ज्वारीसारखीच विषबाधा होते, जनावर दगावू शकतं.

*घरचं बियाणं ठेवणाऱ्यांनी लक्ष द्या*
बीज प्रमाणीकरणाच्या नियमात ज्वारीचा प्लॉट जॉन्सन गवतापासून 400 मीटर लांब लागतो. आपल्याला एवढं अंतर जमणार नाही. मग निदान बांधावरचा, नाल्याकाठचा बरू फुलायच्या आधी कापा. बियाण्याची कणसं बांधाकडच्या ओळी सोडून मधल्या पट्ट्यातून निवडा. परभणी मोतीसारखं चांगलं वाण एका बांधापायी बिघडू देऊ नका.

शंका असेल तर कणीस आणि मुळं, दोन्हीचे फोटो ग्रुपवर टाका. बघून सांगतो.

— कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, भोकर