वणवा, उडवी आणि घरची आग : गावाला शिकवायचे, तर पैसा कुठून आणायचा?



भाताची झोडणी झाली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, माळावरचे गवत पिवळे पडले, की आपल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरात आगीचे दिवस सुरू होतात. माघ-फाल्गुनापासून वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत रात्री कुठल्या ना कुठल्या उतारावर वणव्याची लाल रेघ दिसते. त्यात कोणाची काजूची कलमे जातात, कोणाची गवताची गंजी, तर कोणाचा गोठा. आग लागली की सारे गाव धावते, हे खरे. पण कोणी पाणी आणायचे, कोणी गुरे सोडायची, म्हातारी माणसे कोणी बाहेर काढायची, हे आधी ठरलेले नसते. मग धावपळ होते फार आणि आग विझते थोडी.

गावाला आगीचे शिक्षण द्यायला हवे, हे सगळ्यांना पटते. ग्रामसभेत विषय निघतो, माना हलतात आणि मग कोणीतरी विचारतो, "पण पैसे कोण देणार?" तिथेच विषय संपतो. या पत्रकात त्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे.

गावानेच का शिकायचे?

22 जुलै 2021 ची आठवण तळीयेच्या माणसाला करून द्यावी लागत नाही. कोंडाळकरवाडीवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी सावित्रीच्या पुराने महाड पाण्यात होते, रस्ते बंद होते आणि मदतीची पथके पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. ते संकट वेगळे होते. ती दरड अतिवृष्टीने आली, तिचा वणव्याशी संबंध जोडू नये. पण बाहेरची मदत येईपर्यंत गावालाच गाव सांभाळावे लागते, हे त्या दिवशी दिसले. आगीच्या बाबतीत तर ही गोष्ट दरवर्षी खरी ठरते. बंब महाडहून निघणार, घाटाची वळणे चढणार, आणि वाडीची पायवाट आली की थांबणार. वाळलेल्या पेंढ्याची उडवी तोवर वाट बघत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या उतारावरचे गवत नि झुडूप दरवर्षी जळते, तिथली माती उघडी पडते आणि मृगाच्या पावसाबरोबर ओढ्याला जाते. म्हणजे वणवा रोखणे हे जमीन राखण्याचेही काम आहे.

पैसे मागण्यापूर्वी : काय शिकवणार ते लिहा

"जनजागृतीसाठी निधी मिळावा" एवढ्याच अर्जाला कोणी पैसे देत नाही. कोणाला, काय, किती दिवसांत शिकवणार, हे लिहावे लागते. आपल्या भागाला चार धडे पुरेत.

1. राब भाजणे. दाढ भाजताना भोवतीचा पातेरा आधी झाडून घ्यावा आणि चार हात रुंद पट्टा साफ करावा. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर पेटवावे. पाण्याच्या बादल्या आणि दोन माणसे निखारा विझेपर्यंत हलवू नयेत. ज्यांना जमेल त्यांनी राब न भाजता गादीवाफ्यावर रोपे करावीत, म्हणजे कवळ तोडण्याचे कष्टही वाचतात.

2. उडवी, गंजी आणि गोठा. उडवी घराला किंवा गोठ्याला लागून रचू नये, विजेच्या तारेखाली तर मुळीच नको. सगळा पेंढा एका जागी ठेवण्यापेक्षा दोन-तीन लहान उडव्या अंतराने कराव्यात. गुरांच्या दाव्याची गाठ अंधारातही झटक्यात सुटेल अशी असावी. गोठ्याजवळ एक कोयती टांगून ठेवावी.

3. चूल, गॅस आणि वीज. गॅसचा वास आला तर विजेचे कुठलेही बटण दाबू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि माणसे बाहेर न्यावीत. तेल पेटले तर त्यावर पाणी ओतू नये. शेगडी बंद करून वर झाकण सरकवावे आणि ते थंड होईपर्यंत उचलू नये. विजेची आग असेल तर आधी मेन स्विच बंद. अंगावरचा कपडा पेटला तर पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजल्या जागी भरपूर गार पाणी धरावे. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये.

4. वणवा विझवण्याची टोळी. प्रत्येक वाडीतून आठ-दहा धडधाकट माणसे आधीच नेमावीत आणि एकाला म्होरक्या करावे. हिरव्या डहाळ्यांनी झोडणे, जाळरेषा काढणे, पाठीवरच्या फवारणी पंपात साधे पाणी भरून कडेची आग विझवणे, हे त्यांनी सराव करून शिकावे. पंप मात्र आधी स्वच्छ धुतलेला हवा. आग उतारावर वरच्या दिशेने फार वेगाने चढते, म्हणून वरच्या अंगाला कोणी उभे राहू नये. मागे हटण्याची वाट आधी बघून ठेवावी.

खर्चाचा कागद

आता हिशोब. खालचे दर नमुन्यादाखल आहेत. तुम्ही महाडच्या बाजारात विचारून खरे दर लिहा, जमल्यास दुकानदाराचे दरपत्रक जोडा.

- दोन दिवसांचे शिबिर, 150 माणसांचा चहा-नाश्ता, माणशी 30 रुपये : 4,500
- वाड्यांत लावायचे माहिती फलक 4, प्रत्येकी 1,500 : 6,000
- आग विझवण्याची 6 किलोची पावडरची नळकांडी 2, प्रत्येकी 2,500 : 5,000
- लोखंडी बादल्या 20, प्रत्येकी 200 : 4,000
- कोयती, फावडी, कुदळी मिळून 10, सरासरी 400 : 4,000
- विजेऱ्या 6, प्रत्येकी 500 : 3,000
- चामडी हातमोजे 10 जोड, प्रत्येकी 250 : 2,500
- नळकांड्यांची तपासणी व किरकोळ : 1,000

एकूण 30,000 रुपये. यातला चहा-नाश्ता गावाने उचलला, तर मागायचे राहतात 25,500. गावाने आपला वाटा घातला आहे हे कागदावर दिसले, की देणाऱ्याचाही हात मोकळा होतो. आणि बघा, यात शिकवणाऱ्याचे मानधन कुठेच धरलेले नाही. ते का, ते पुढे वाचा.

जे फुकट मिळते ते आधी घ्या

दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके भरलेली 'फोर्ट स्टिकिन' ही बोट फुटली आणि आग विझवणारे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा आठवडा पाळतात. या आठवड्यात अग्निशमन दलाचे जवान ठिकठिकाणी प्रात्यक्षिके दाखवतात. फेब्रुवारीतच पत्र देऊन गावासाठी एक दिवस मागून ठेवा. आपल्याकडचा राब भाजण्याचा हंगामही याच सुमाराचा, तेव्हा त्याआधीची तारीख मिळाली तर अधिक चांगले.

गॅस एजन्सीला सुरक्षेचे शिबिर घ्यायला सांगा. ही शिबिरे गॅस कंपन्यांच्या कामाचाच भाग आहेत. तारा लोंबत असतील तर महावितरणला लेखी कळवा आणि त्यांचा माणूस शिबिराला बोलवा. वणव्याचा धडा वनपाल किंवा वनरक्षक देतील. तालुक्यात कोणी 'आपदा मित्र' म्हणून प्रशिक्षण घेतलेला तरुण असेल, तर त्याला हाक मारा.

पैसा कुठे मागायचा?

ग्रामपंचायत. पहिला दरवाजा हाच. पण पंचायतीला आराखड्यात नसलेल्या कामावर खर्च करणे अवघड जाते. पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्या ग्रामसभेतच विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या. ती वेळ चुकली तर 26 जानेवारीची सभा आहे. वित्त आयोगाच्या निधीचा काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो. तुम्ही अबंधित भागातून किंवा पंचायतीच्या स्वनिधीतून मागा. चूल-गॅसच्या धड्यासाठी महिला व बालकल्याणासाठी राखलेल्या रकमेचाही विचार होऊ शकतो. म्हणून ग्रामसभेआधीच्या महिला सभेत आया-बहिणींनी हा विषय जरूर काढावा. स्वयंपाकघर त्यांना जितके ठाऊक, तितके आपल्याला नाही.

वन विभाग. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल, तर तिच्या बैठकीत जाळरेषा आणि विझवण्याच्या साहित्याची मागणी करा. वनक्षेत्रपालांकडे अर्ज समितीमार्फत गेला तर त्याला वजन येते. वनरक्षणाचे चांगले काम करणाऱ्या समित्यांना संत तुकाराम वनग्राम योजनेत बक्षीस मिळते. वणवा न लागू देणे हे त्यातले मोठे काम.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, अलिबाग. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 30 मध्ये लोकांना प्रशिक्षण देणे, जागृती करणे हे या प्राधिकरणाच्या कामांत धरले आहे. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. अर्ज तहसीलदारांमार्फत पाठवावा. पैसे नाही मिळाले, तरी प्रशिक्षक आणि साहित्य मागता येते.

कारखाने. महाडच्या औद्योगिक वसाहतीत आपली कितीतरी मुले कामाला जातात. 3 नोव्हेंबर 2023 रोजी तिथल्या ब्लू जेट हेल्थकेअर कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगार गेले. आगीचे शिक्षण हे घरातून कामावर जाणाऱ्या पोरासाठीही आहे, ते असे. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे ज्या कंपनीचा निव्वळ नफा वर्षाला 5 कोटी किंवा त्याहून अधिक आहे, किंवा जिची उलाढाल 1,000 कोटी किंवा नक्त मत्ता 500 कोटींपर्यंत पोहोचली आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते आणि त्यात आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचे असते. शिक्षण आणि आपत्ती व्यवस्थापन ही दोन्ही कामे त्या यादीत आहेत. मात्र नोंदणी नसलेल्या मंडळाच्या हातात कंपनी रोख रक्कम देत नाही. म्हणून वस्तू आणि प्रशिक्षक मागा, किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज करा. शिवाय धोकादायक रसायने मोठ्या प्रमाणावर ठेवणाऱ्या कारखान्यांना 1989 च्या नियमांनुसार दर सहा महिन्यांनी आपत्तीचा सराव घ्यावा लागतो. तो घेणारी जाणती माणसे त्यांच्याकडे असतातच. त्यांना एक रविवार मागायला हरकत नाही.

आमदार-खासदार निधी मुख्यतः टिकाऊ कामांसाठी असतो. शिबिराचा खर्च त्यातून मागून वेळ घालवू नका. पाण्याच्या साठवण टाकीसारखे काम असेल तर वेगळा अर्ज करा.

अर्जाचा नमुना

प्रति, मा. अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तथा जिल्हाधिकारी, रायगड-अलिबाग. मार्फत : मा. तहसीलदार, महाड.

विषय : गावात आग सुरक्षा शिक्षण शिबिर घेण्यासाठी साहाय्य मिळणेबाबत.

महोदय, आमच्या गावात इतक्या वाड्या व इतकी घरे आहेत. गेल्या तीन वर्षांत आगीच्या इतक्या घटना घडल्या व असे नुकसान झाले (यादी सोबत). ग्रामसभेने अमुक तारखेस ठराव केला आहे (प्रत सोबत). अमुक दोन दिवस शिबिर घेऊन प्रत्येक वाडीत दहा जणांची टोळी तयार करण्याचे योजिले आहे. एकूण खर्च इतका असून त्यापैकी इतका वाटा गाव उचलत आहे. उर्वरित रक्कम, अथवा साहित्य व प्रशिक्षक मिळावेत, ही विनंती.

खाली सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांची सही व शिक्का. पोहोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. पंधरा दिवसांनी पोहोच दाखवून विचारणा करा.

यात नुकसानीची यादी फार महत्त्वाची. त्यासाठी आजपासूनच एक वही करा. तारीख, जागा, कशाने लागली, काय जळले, किती वेळात विझली, एवढेच लिहायचे. कोणी लावली याचा वाद वहीत नको, नाहीतर वही तिसऱ्या दिवशी बंद पडेल. मोठे नुकसान झाले तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, त्याची प्रत वहीला जोडा.

पैसे मिळाल्यावर

पावत्या जपा. हजेरीच्या सह्या घ्या. साहित्य कोणाच्या घरी आहे ते फळ्यावर लिहा, पण कुलपात ठेवू नका. किल्लीवाला लग्नाला गेला तर बादल्या काय कामाच्या? नळकांड्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, ते दर महिन्याला बघा. पुढच्या ग्रामसभेत हिशोब वाचून दाखवा आणि देणाऱ्याला त्याची प्रत पाठवा. हिशोब चोख दिला तर पुढच्या वर्षी मागायला तोंड राहते.

हे क्रमांक भिंतीवर लिहा : कुठलीही तातडी 112. अग्निशमन 101. रुग्णवाहिका 108. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077. वन विभाग 1926. गॅसगळती 1906. मोबाईलला रेंज कुठल्या टेपावर येते, तेही शेजारी लिहा.

तेव्हा मंडळी, येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लिहून घ्या. सोबत खर्चाचा कागद न्या. हे पत्रक वाचून झाले की घडी करून फळीवर ठेवू नका, शेजारच्या वाडीत द्या. आग वाडीची हद्द पाहत नाही.